टॅलो टाळूला लावावा का? वाचकांचे प्रश्न, सगळे एका साबणाच्या वडीवरचे

मागच्या अंकात मी एका उत्तरात जाता जाता लिहून गेले की गेली तीनेक वर्षं मी टॅलोचा म्हणजे गुरामेंढरांच्या वितळवून गाळलेल्या चरबीचा साबण घरीच बनवते आणि अंगाला तोच लावते. एक ओळ होती हो! त्यावर जेवढी पत्रं आली तेवढी वर्षभरात कशावर आली नव्हती, निम्मी 'वा वा' करणारी आणि निम्मी 'शी शी' करणारी. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त साबण. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, साबण बनवते आणि त्यावर मिळेल ते वाचत बसते, एवढंच.

ताई, मी सेकंड इयरला आहे. शॅम्पू सोडून टॅलो साबणाने केस धुवायला लागले, चार वेळा धुतले. केस मेणचट झालेत, कंगव्याला पांढरट काहीतरी चिकटतं, मागच्या बाजूला तर बोटं फिरत नाहीत. मैत्रीण म्हणते दोन महिने थांब, केसांमधलं शॅम्पूचं केमिकल बाहेर पडतंय, मग सवय होते. थांबू का?

नको थांबूस. केसांना सवय वगैरे काही होत नसते, आणि बाहेर काही पडत नाहीये, उलट वर काहीतरी बसतंय. तुझ्या घरचं पाणी जड असणार. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, साबण त्यांना भेटला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो, बादलीच्या कडेला जी राखाडी रेघ बसते ना तीच गोष्ट. बादली घासता येते, केस कसे घासणार? आणि हे कुठल्याही खऱ्या साबणाचं होतं, टॅलोचा असो नाहीतर ऑलिव्हचा. शॅम्पूचं तसं होत नाही कारण तो मुळात साबणच नसतो.

खात्री करायची असेल तर दोन पारदर्शक बाटल्या घे, एकीत नळाचं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. दोन्हीत साबणाचा नखाएवढा कीस टाक आणि जोरात हलव. डिस्टिल्डमध्ये वर फेस आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसेल, नळाच्या बाटलीत जर फेस बसला आणि पाणी दुधासारखं होऊन त्यात पांढरे कण तरंगायला लागले तर तुझं उत्तर तुला मिळालं, तेच कण तुझ्या कंगव्यावर आहेत.

यावर सगळे एकच उपाय सांगतात, व्हिनेगरचं पाणी. त्याचा उपयोग होतो पण थोडा, आणि त्यात एक गोची आहे जी कुणी सांगत नाही. आम्ल साबणाला भेटलं की साबण मोडतो आणि त्यातून परत चरबीचा मूळ मेणचट घटक, म्हणजे फॅटी अ‍ॅसिड सुटं होतं, म्हणजे केसात साबण राहिलेला असताना व्हिनेगर ओतलं तर मेणचटपणा जायच्या ऐवजी वाढतो! आधी भरपूर पाण्याने साबण पूर्ण काढायचा, अगदी केस करकर वाजेपर्यंत, मगच लिटरभर पाण्यात एक-दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून ते ओतायचं आणि मिनिटभराने साध्या पाण्याने धुवायचं. मी पहिल्यांदा अंदाजाने अर्धा पेला व्हिनेगर मगभर पाण्यात घातलं होतं, डोळ्यात गेलं, अर्धा तास आंधळ्यासारखी बाथरूममध्ये उभी, आणि केसांना दोन दिवस लोणच्याच्या बरणीचा वास. मोजून घे.

आणि पाणी मऊ असलं तरी केसांच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा (७ मधला, त्याखाली आम्ल, वर अल्क), ९ ते १० च्या आसपास असतो, टाळूचा साधारण साडेपाच, आणि केसाच्या दांड्याचा तर त्याहून खाली, ३.७ च्या जवळपास. एवढ्या अल्कधर्मी गोष्टीने केसावरचे खवले उचलले जातात, केस एकमेकांत अडकतात, निस्तेज दिसतात. बारीक कापलेले केस असतील तर काही कळतही नाही, पण कमरेपर्यंत केस असतील किंवा रंगवलेले, स्ट्रेट केलेले असतील तर मी नाही म्हणेन. तू सध्या एकदा साका काढणारा शॅम्पू आण, लेबलवर ईडीटीए लिहिलेलं बघ, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. एक-दोन धुण्यात केस मोकळे होतील, मग साबण अंगाला आणि शॅम्पू डोक्याला. टॅलो आणि टाळू, नावं सारखी आहेत म्हणून जमलंच पाहिजे असं थोडंच आहे.

टॅलोची रचना आपल्या त्वचेच्या तेलासारखीच असते, म्हणून त्वचा त्याला 'ओळखते' आणि आत शोषून घेते, शिवाय त्यात ए, डी, ई, के व्हिटॅमिन असतात, असं सगळीकडे वाचते. मग टॅलो साबण म्हणजे साबण आणि मॉइश्चरायझर एकातच झालं ना?

हा प्रश्न सतराजणींनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सारखेपणाचं बघू. टॅलोतल्या फॅटी अ‍ॅसिडांत साधारण ४० ते ४५ टक्के ओलेइक, २५ च्या आसपास पामिटिक आणि २० च्या आसपास स्टिअरिक अ‍ॅसिड असतं, जनावर आणि त्याचा चारा बदलला की आकडे थोडे हलतात. आपल्या त्वचेच्या तेलातसुद्धा पामिटिक आणि ओलेइक असतं, तेवढ्यापुरतं खरं. पण आपल्या तेलात जवळजवळ पाव भाग मेणासारखे एस्टर असतात, दहा-बारा टक्के स्क्वालीन नावाचा तेलकट पदार्थ असतो, आणि सॅपिएनिक नावाचं एक फॅटी अ‍ॅसिड असतं जे माणसाच्या त्वचेचीच खासियत आहे, नावातच होमो सेपियन्स आहे बघा. यातलं टॅलोत काय आहे? जवळपास काहीच नाही. म्हणजे लांबची नातेवाईक म्हणा, जुळी बहीण नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. हे सगळं टॅलोबद्दल झालं, तुम्ही विचारताय साबणाबद्दल, आणि साबण झाल्यावर चरबी चरबी राहतच नाही. कॉस्टिक सोड्याबरोबर मिसळली की चरबीचा रेणू तुटतो, त्याचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटतं. हे पहिल्यांदा नीट उलगडलं शेव्हरल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं, प्राण्यांच्या चरबीवरचं त्याचं पुस्तक १८२३ साली आलं, आणि स्टिअरिक हे नावसुद्धा चरबीच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे. (हा माणूस १०२ वर्षं जगला, चरबीवर काम करून. असो.) तर मुद्दा काय, वडी हातात घेतली की तुम्ही टॅलो लावत नाही, टॅलोचा साबण लावता, आणि त्याचं काम तेल काढायचं आहे, घालायचं नाही.

मग लोकांना मऊ का वाटतं? दोन कारणं. एक म्हणजे सुटलेलं ग्लिसरीन, चरबीच्या वजनाच्या साधारण दहा टक्के, ते घरच्या साबणात आतच राहतं, मोठ्या कारखान्यात बऱ्याचदा ते वेगळं काढून घेतात. दुसरं, आम्ही साबण बनवणारे मुद्दाम सोडा थोडा कमी घालतो म्हणजे पाचेक टक्के चरबी तशीच उरते, त्याला सुपरफॅट म्हणतात. यामुळे साबण सौम्य होतो, पण यातलं बहुतेक सगळं शेवटी पाण्याबरोबर मोरीत जातं. व्हिटॅमिनचंही तेच, मुळात असतात कणभर, त्यात कॉस्टिकची आंघोळ होते, आणि मग तीस सेकंदात तुम्ही धुऊन टाकता. व्हिटॅमिनसाठी साबण घेऊ नका.

मग मी का वापरते? कारण वडी दगडासारखी घट्ट होते, लवकर झिजत नाही, फेस बारीक आणि सायीसारखा येतो, आणि माझी त्वचा आंघोळीनंतर ताणल्यासारखी होत नाही. बास. हीच कारणं पुरेशी आहेत की, त्यात 'त्वचा ओळखते' कशाला पाहिजे. आणि हो, आंघोळीनंतर मी मॉइश्चरायझर लावते, अंग ओलसर असतानाच.

रिटायर झालोय, वेळ आहे, घरी करून बघायची इच्छा आहे. पण कॉस्टिक सोडा म्हणजे ड्रेनेज साफ करायची वस्तू, ती अंगाला लागणार? आणि प्रमाण काय घ्यायचं?

काका, तयार साबणात कॉस्टिक राहत नाही, प्रमाण बरोबर असेल तर तो सगळा चरबीबरोबर संपतो. प्रमाण चुकलं तर मात्र राहतो आणि मग खरंच भाजतं, म्हणून इथे चमचा-वाटी चालत नाही, ग्रॅमचा डिजिटल काटा लागतोच.

शंभर ग्रॅम टॅलोला साधारण १४ ग्रॅम सोडा लागतो, शंभर ग्रॅम खोबरेल तेलाला १८ च्या थोडं वर. नुसत्या टॅलोचा साबण घट्ट होतो पण फेसाला कंजूष, म्हणून मी पाचातला एक भाग खोबरेल घालते. म्हणजे ४०० ग्रॅम टॅलोला ५६, १०० ग्रॅम खोबरेलला १८.३, मिळून ७४.३, त्यातून सुपरफॅटचे पाच टक्के वजा केले की साडेसत्तर ग्रॅम सोडा, आणि पाणी त्याच्या दुप्पट ते अडीचपट. तरी प्रत्येक वेळी साबणाच्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर टाकून परत ताळा करा, मीही करते. सोडा साबणासाठीचा, शुद्धता लिहिलेला घ्या, ड्रेनेजवाल्या पुड्यात बाकी काय काय मिसळलेलं असतं.

आता नियम. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, उलट केलं तर उसळून तोंडावर येतं. नुसता पाण्यात पडला तरी ते एवढं तापतं की भांडं धरवत नाही आणि वर जी वाफ येते ती घशाला लागते, म्हणून खिडकीपाशी किंवा गॅलरीत करा. गॉगल आणि हातमोजे सक्तीचे. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो, स्टीलचं घ्या. नातवंडं आणि मांजर दाराबाहेर. अंगावर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि बराच वेळ धरून ठेवा, त्यावर व्हिनेगर ओतू नका. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत धूतच दवाखाना गाठायचा.

सोड्याचं पाणी आणि खोबरेलसकट वितळवलेली चरबी, दोन्ही ४०-४५ अंशांपर्यंत आले की सोड्याचं पाणी चरबीत ओतून ढवळायचं. आधी ते नुसतं पिवळट पाणी वाटतं, कंटाळा येतो, वाटतं काही होत नाहीये, मग हळूहळू ते दाट होतं आणि एका क्षणी चमच्यातून ओघळलेली धार खाली बुडून न जाता वर रेघेसारखी पडून राहते. याला ट्रेस म्हणतात. तो आला की साच्यात ओता. एक-दोन दिवसांत साबणीकरण, म्हणजे चरबीचा साबण होणं, जवळजवळ पूर्ण होतं, वड्या कापा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी उभ्या ठेवा. हे थांबणं सोडा जावा म्हणून नसतं, पाणी उडून वडी घट्ट आणि सौम्य व्हावी म्हणून असतं. माझी पहिली बॅच मी नवव्या दिवशी वापरायला काढली, आठवड्यात साबणदाणीत चिखल.

माझ्या हातांना एक्झिमा आहे, भेगा पडतात. एकीने टॅलो साबणाने बरा होतो असं छातीठोक सांगितलं. घेऊ का?

नको. एक्झिमात त्वचेचा वरचा थर आधीच गळका असतो आणि ९-१० पीएचचा कुठलाही साबण, कितीही 'नॅचरल' असला तरी, तो आणखी उघडा पाडतो. तुम्हाला साबण नसलेला साबण पाहिजे, ऐकायला विचित्र वाटतं पण सिंडेट नावाच्या वड्या असतात, पीएच साडेपाच ते सातच्या मधला, वास नसलेला घ्या. हात धुतल्या धुतल्या जाड मलम लावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, भेगांतून पाणी येत असेल तर याच आठवड्यात. तान्ह्या बाळाबद्दल विचारणाऱ्या तिघींनाही हेच उत्तर, जन्मताना बाळाच्या त्वचेचा पीएच न्यूट्रलच्या जवळ असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो आम्लाकडे सरकतो, त्या कामात साबणाने कडमडू नये.

चेहऱ्यावर पिंपल्स आहेत. टॅलोने छिद्रं बुजतात असं एका चार्टवर वाचलं, शून्य ते पाच आकडे असतात तो चार्ट.

ते चार्ट बरेचसे सशाच्या कानावर पदार्थ लावून केलेल्या जुन्या प्रयोगांवर उभे आहेत, तुझा चेहरा सशाचा कान नाही. शिवाय टॅलो वेगळं, धुऊन जाणारा साबण वेगळा, ते वर लिहिलंच. साबणाने छिद्रं बुजतील याची भीती मला कमी वाटते, चेहरा कोरडा पडेल याची जास्त, कारण कोरडा पडला की पिंपल्सची औषधं झोंबायला लागतात आणि पोरं औषधच सोडून देतात. चेहऱ्याला सौम्य फेसवॉश, टॅलो साबण मानेखाली. टॅलोचं बाम चेहऱ्यावर थापायची जी फॅशन आलीय ना, तिथे मात्र सावध राहा, ते धुऊन जात नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. साबणात चरबी आहे की नाही हे लेबलवरून कसं कळणार?

घटकांच्या यादीत 'सोडियम टॅलोवेट' दिसलं की चरबी, 'सोडियम लार्डेट' दिसलं की डुकराची. 'सोडियम पामेट', 'सोडियम कोकोएट', 'सोडियम पाम कर्नलेट' ही झाडांची. अडचण होते ती 'स्टिअरिक अ‍ॅसिड' आणि 'ग्लिसरीन' या दोन शब्दांशी, ते दोन्हीकडून येऊ शकतं आणि लेबल सांगत नाही, तिथे व्हीगन असं स्पष्ट लिहिलेलं शोधा नाहीतर कंपनीला विचारा. पुढच्या बाजूला झाडाची पानं छापलीत यावर जाऊ नका, पानं कुणीही छापतं. आणि ज्यांना चरबी नको त्यांनी टॅलोच्या मागे अजिबात लागू नये, पामिटिक आणि स्टिअरिक पाम तेलातून, शिआ किंवा कोकम बटरमधूनही मिळतं, साबण चांगलाच होतो.

दाढीला चालेल का?

धावेल! स्टिअरिकमुळे फेस दाट येतो आणि तोंडावर टिकतो, शेव्हिंग सोपमध्ये टॅलो जुन्या काळापासून आहे ते त्यासाठीच. खास दाढीच्या साबणात सोड्याबरोबर पोटॅशियम हायड्रॉक्साइडही घालतात, त्याने वडी मऊ होते आणि ब्रशवर पटकन चढते. अंगाच्या साध्या वडीनेही काम होतं, फक्त ब्रश जरा जास्त फिरवावा लागतो.

घरी बनवलेल्या साबणाला खाटकाच्या दुकानाचा वास येतोय आणि काही वड्यांवर नारिंगी ठिपके आलेत. टाकून देऊ?

वास आणि ठिपके या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. वास चरबी नीट न गाळल्याचा. गुर्द्याभोवतीची पांढरी कडक चरबी घ्या, तिला मांस चिकटलेलं असेल ते कापून काढा, बारीक चिरून पाणी आणि मूठभर मीठ घालून मंद आचेवर वितळवा, फडक्यातून गाळा आणि थंड होऊ द्या. वर पांढरी चकती जमते, ती उचलून खाली लागलेला तपकिरी गाळ सुरीने खरवडून टाका, आणि हेच परत एकदा-दोनदा करा. तिसऱ्यांदा निघालेली चकती नाकाला लावली तरी मेणाइतकाच वास येतो. घाईघाईत एकदाच गाळली की तो वास लॅव्हेंडरनेही झाकत नाही, उलट लॅव्हेंडर लावलेल्या खाटकाचा वास येतो, अनुभव आहे.

ठिपके म्हणजे तेल खवट होतंय. टॅलो सहसा इतक्या लवकर खवटत नाही, तुम्ही सोबत सूर्यफूल किंवा तसलं पातळ तेल जास्त घातलं असणार, नाहीतर वड्या दमट जागी लोखंडी जाळीवर वाळवल्या असणार, लोखंडाने ते पटकन होतं. अपाय असा फारसा नाही, पण खवट वास अंगाला कोण लावून घेणार, फरशी पुसायला वापरा.

साबण चार दिवसांत लिबलिबीत होतो. टॅलोचा घट्ट असतो म्हणाला होतात.

साबणदाणीला भोकं आहेत का? बघा आधी, कारण हा प्रश्न विचारणाऱ्या पाचांपैकी चौघांच्या साबणदाणीला नसतात आणि वडी आपल्याच पाण्यात रात्रभर बसलेली असते. जाळीची घ्या, शॉवरच्या धारेपासून लांब ठेवा, आणि वडी सुरीने अर्धी करून एक अर्धी कपाटात टाका, दुसरी संपेपर्यंत ती अजून वाळेल.